अष्टमीचं पाणी

प्रश्नावली मूळची स्पॅनिश.
तिथून ती पुण्यात आली, प्रमाण मराठीत बसती झाली,
आणि पुण्याहून माझ्या पिशवीत
कुडाळ बदलून, दुपारच्या एस.टी.ने, निवतीच्या बंदरावर.
माझं काम एवढंच :
साठ घरं, बावीस प्रश्न, शून्य ते चार आकडे,
आणि कुठला प्रश्न कुठे अडला ते
समासात, पेन्सिलीने.

पहिलाच अडला.
'मृत्यूला किती महिने झाले?'
दुरपदी मेतर बांगडे सुकत घालत होती.
तिने बोटं मोजली, मोडली, परत मोजली.
"कागदार दोन वर्सां," म्हणाली,
"दर्यार नव."
होडी मिळाली होती, माणूस नाही.
कोर्ट सात वर्षं वाट बघतं, मग माणूस मेला असं लिहून देतं.
सूचनापत्रात आहे : बारा महिन्यांपुढचं दुःख ते लांबलेलं.
बारा कुठून मोजायचे, ते नाही.
चौकट एकच होती. मी दोन्ही आकडे घातले,
एकावर एक, अपूर्णांकासारखे.

'आठवण करून देणाऱ्या जागा तुम्ही टाळता का?'
"पुढल्या दारी दर्या, मागल्या दारी खाडी.
टाळून जाव खंय? माडार?"
ती हसली. मीही हसले.
हसल्याला आकडा नव्हता, शून्य लिहिलं.

'जगण्याला अर्थ उरला नाही असं वाटतं का?'
इथे सगळ्याच बायका सावरून बसायच्या.
"अर्थ म्हंजे ते मदतीचे पैशे मां?
नाय इले अजून. तू सांगशीत काय थंय?"
साठातल्या एकेचाळीस जणी.
मी समासात लिहिलं : अर्थ = रक्कम.
सरांनी फोनवर विचारलं, हे नक्की काय आहे?
पुढे तो प्रश्न गळाला. बाकीच्यांशी त्याचं जमत नव्हतं.

आकडेही अडले.
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बरेचदा, सतत :
या पाच शब्दांत दुरपदीला फरक दिसेना.
"सतत म्हंजे? चुलीर भात आसताना पन?"
मग तिनेच माझ्या हातातली पेन्सिल घेतली
आणि ओसरीच्या सारवणावर एक रेघ काढली.
ह्या भांगाचा पानी, म्हणाली. पायाक लागना नाय.
ह्या चढता. ह्या पेळेपर्यंत.
आणि ह्या उधान. तेवां दार लावन घेवचा.
मी चार लिहिलं.
बाहेर अमावास्येचं पाणी होड्यांच्या ओंडक्यांपर्यंत आलं होतं.

मग फेरचाचणी.
पंधरा दिवसांनी त्याच बाईला तेच प्रश्न.
"चुकलां काय गे माजा गेल्या खेपेक?"
नाही हो, मी म्हटलं, बरोबरच होतं, तरी परत.
ती परत बरोबर बोलली. चार. चार. तीन. चार.
साठही घरांत जवळपास तसंच.
सरांचा फोन आला, आवाजात पेढे होते :
विश्वासार्हता शून्य पूर्णांक नव्वद!
साधन पक्कं आहे, प्रबंधात घालू.

मी फोन ठेवला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.
पहिली फेरी अमावास्या.
दुसरी फेरी पौर्णिमा.
होड्या आत असतात, बायका घरी भेटतात,
म्हणून त्या तारखा मीच धरल्या होत्या.
आम्ही उधाणाशी उधाण ताडून पाहिलं होतं
आणि म्हणत होतो, माणसं बदलत नाहीत.

सरांना अजून सांगितलेलं नाही.
अष्टमीला मी परत गेले, पिशवी न घेता.
पाणी इतकं लांब की ओली वाळू संपता संपेना.
दुरपदी जाळ्याच्या मेखा मोजत होती, मान वर न करता म्हणाली,
"आज कागद नाय?"
नाही.
"मग बस. च्या टाकतंय."
आणि आत जाता जाता, माझ्याकडे पाठ करून,
गेल्या दोन्ही खेपेला तिने न घेतलेलं
त्याचं नाव घेतलं, सहज,
साखर संपली आहे हे सांगावं तसं :
"ह्या बरनीचा झाकन आमच्या फटूनच मोडल्यान."