सारवर पेठ

पोरं आली तेव्हा मी गणवेशाच्या बाह्या जोडत होते,
केरळातल्या कुठल्याशा शाळेच्या.
अठरा वर्षं परगावची पोरं शिवून काढली,
आपल्या गल्लीनं कधी माप दिलं नव्हतं.

"अंबक्का, जाकीट पाहिजे. चादरीचं.
पाठीवर पेठेचं नाव. रथाला सगळे घालणार."
म्हटलं, श्रावणात? सोलापुरात? चादर?
शिजाल बे आत.
"शिजू की," यादगिरी म्हणाला,
"पण छापील नको. छापलेलं धुण्यात जातं.
विणून पाहिजे."

विणायचं तर नरसप्पाचा माग,
भंगारवाला दोनदा वजनाचा अंदाज घेऊन गेलेला.
आणि कार्डं पाडायला इरय्या तात्या,
ज्यांनी मोर पाडले, जहाजं पाडली,
एका शेठच्या लेकीच्या लग्नाला हत्ती पाडला, सोंडेतल्या कमळासकट,
आणि आता भाजीचं बिल
नातवाकडून वाचून घेतात.
तरी बसले. नऊ दिवस.
आलेखाच्या कागदावर चौकोन भरत,
भोकामागून भोक,
मधे कुणी बोललं तर हात वर.

एका रात्री माग सुरू झाला.
मांडीवरचं विड्यांचं सूप तसंच धरून
बायका दारात आल्या.
तंबाखूच्या वासात खडाक् खट, खडाक् खट.
सासूला ऐकू येत नाही. तिनं भिंतीला तळवा लावला,
म्हणाली, "मग्गम."
आणि त्या आवाजात अख्खी गल्ली
कितीतरी वर्षांनी गाढ झोपली.

सकाळी कापड अंथरलं.
किरमिजीवर पिवळी अक्षरं, काठाला मोगऱ्याच्या कळ्या.
यादगिरीनं वाचलं. परत वाचलं.
ख चा खालचा जोड सुटलेला.
एक र, एक व, शेजारी शेजारी,
भांडण झालेल्या भावांसारखे.
सारवर पेठ.

सूत संपलेलं. दिवस तीन.
तात्यांना सांगायचं कुणी, यावर पोरं
चहाच्या टपरीवर दोन तास बसली
आणि न सांगता उठली.
मी कापायला घेतलं.
चादरीत कात्री चालत नाही, चावते.
तीन सुया मोडल्या. बावीस जाकिटं झाली.

नारळी पौर्णिमेला रथापुढं
बावीस पाठी, घामानं किरमिजीच्या काळ्या झालेल्या.
भवानी पेठेतलं कुणीतरी ओरडलं,
"ही सारवर पेठ कुठं आली बे?"
यादगिरी मागं न बघता म्हणाला,
"आमच्याकडं. तुमच्याकडं मिळत नाही."
संध्याकाळी रस्त्यापलीकडून
एका चिमुरड्यानं हाक मारली, ओ सारवर!
तर सातजणांनी वळून पाहिलं.

उरलेल्या तुकड्यांतून तेविसावं काढलं,
तात्यांसाठी.
ट्रायलला आले. घातलं नाही आधी.
जाकीट उलटं केलं त्यांनी,
आतल्या अंगाला पिवळ्यावर किरमिजी,
अक्षरं आरशातल्यासारखी.
कार्डवाला माणूस उलटंच वाचतो.
बोट फिरवत निघाले,
ठ, प,
मग र वरून पुढं आले आणि थांबले.
बराच वेळ बोट तिथंच.

"एक भोक जादा पडलं," म्हणाले.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
म्हटलं, खांदा सरळ ठेवा, तात्या.