स्टेशनरीतला ए

पंचवीस वर्षं इंग्रजी बोर्ड रंगवले, वाचला एकही नाही.
अक्षर म्हणजे माझ्या लेखी आकार. ओ गोल, टी खांब,
एस काढताना श्वास धरायचा, मधेच सोडला की पोट सुटतं.
गिऱ्हाईक चिठ्ठी देई, मी चिठ्ठी मोठी करी.

लक्ष्मीपुरीत मगदुमांच्या गूळ-शेंगदाण्याच्या दुकानावर
होलसेल रंगवलं, लाल, पिवळ्या सावलीचं.
चार वर्षांनी बारदेस्करबाई शेंगदाणे घ्यायला थांबल्या,
मान वर केली, आणि हसू आवरेना.
"पेंटर, पुढचा डब्ल्यू कुठाय? हे तर भोकांचं दुकान झालं."
म्हटलं, बोलताना ऐकू येत नाही की तो.
"मुका असतो," म्हणाल्या, आणि स्वतःच लाजल्या,
कारण मगदुमांचा पोऱ्या भलताच मुका समजून
पोत्यामागं खुदकन हसला.

त्यांचं गेट रंगवायच्या बोलीवर चार गुरुवार शिकलो.
ब्रेक दोन. एकानं गाडी थांबते, दुसऱ्यानं मोडते.
शिरोली नाक्यावरच्या गॅरेजला मी दुसरा दिलेला.
काही बिघडलं नाही, जोंधळे मिस्त्री दोन्ही करायचा.
सेल दोन. एक विक्रीचा, एक शिडाचा.
रंकाळ्यावर शीड कुणाला लागतंय? सोडून दिला.
मीट दोन. एक भेटायचं, एक ताटातलं.
आमच्याकडं पाव्हणा भेटला की दुसरं शिजतंच,
तेवढी एक जोडी चुकली तरी चालती.

बाई शिकवत होत्या आणि मला तळहात आठवत होता.
चौथीत दिन आणि दीन पायी छडी खाल्लेली.
ऱ्हस्व पाणि म्हणजे हात, दीर्घ पाणी म्हणजे पाणी,
दहादा लिहून घेतलेलं.
कान तिकडं पण अडाणी, इकडं पण अडाणी.
भांडण सोडवायचं ते डोळ्यांनीच.

शेवटच्या गुरुवारी शाहूपुरी निघाली, सहावी गल्ली,
हसीनाबी शिकलगारांचं स्टेशनरीचं दुकान.
"शेवटी ए काढलायत तुम्ही. ए-वाली म्हणजे जागची न हलणारी.
कागदाची असते ई-नं. एन्व्हलपचा ई, असं ध्यानात ठेवा."
एन्व्हलप मला ए-नंच सुरू होताना ऐकू येतं,
पण ते मी बोललो नाही.
ठरवलं, उघडीप मिळाली की शिडी लावायची.
रंग माझा, मजुरी नाही. चूक माझीच.

उघडीप मिळाली नाही.
जयंती नाला उलटा चालत गल्लीत आला.
त्या ऑगस्टात पाणी दीर्घच होतं,
हात सगळ्यांचे ऱ्हस्व.

आठव्या दिवशी शटर उचललं.
वह्यांची खीर झालेली. फुलस्केप भिंतीला चिकटलेले,
शाईचा एक निळा ओघळ उंबऱ्यापर्यंत.
कागद म्हणावा असा कागद राहिला नव्हता.
दुकान मात्र जिथल्या तिथं. बोर्डही.
चिखलाची रेघ अक्षरांच्या पायाशी येऊन थांबलेली.

शिडी टेकवली, ब्रश काढला.
हसीनाबी खराट्यानं राड ओढत होत्या.
"आता काय नवीन लिहितोस?"
म्हटलं, नवीन नाही, एक अक्षर चुकलंय.
हा ए आहे ना, त्यानं अर्थ होतो न हलणारी.
कागदाची करायची तर ई पाहिजे.

त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा वर.
"आत कागद हाय काय?"
मी गप्प.
"मग ऱ्हाऊ दे. रेघ तेवढी पूस.
आणि तो ए जरा ठळक कर."

केला. बाईंना अजून सांगितलेलं नाही.
त्यांच्या गेटचा दुसरा हात बाकी आहे.