कवेलू

कुहीहून नागपूर, पहिली एसटी.
मांडीवर थर्मास. कंडक्टर म्हणाला, "चहा दे ना बावा थोडा."
आत तीन झिंगे होते. एक जिवंत.

सेमिनरी हिल्सच्या उतारावरची प्रयोगशाळा.
नान्हे मॅडमनी त्यांना ट्रेमध्ये उताणं केलं.
"पाठीवर काळं दिसतं ना, ते कवच खाणारे जंतू.
कल्ल्यांतला हा कापूस म्हणजे बुरशी नाही,
बारीक जीव आहेत. तळ घाण झाला की चिकटतात."
शेपटी बघायला मात्र त्यांनी वेळ लावला.
ती दुधाळ निघाली असती तर
त्यांनी मला नुसतं पाणी विचारलं असतं.
त्या रोगाला औषध नाही.

शेपटी काचेसारखी होती.
मी बाकाखाली चप्पल शोधत राहिलो,
चप्पल पायातच होती.

तिकिटामागे लिहून घेतलं:
खाद्य निम्मं. गाळ उपसणे.
पाणी चौथा हिस्सा बदलणे, एकदम नाही.
चुना आदल्या दिवशी विझवून, गार झाल्यावरच.
"आणि कात टाकू द्या. डाग कातीवर राहून जातो."

ते ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं
की कात टाकलेला झिंगा एक रात्र लोण्याचा असतो,
आणि त्याला त्याचेच शेजारी खातात.
तसं म्हटलं. त्या हसल्या नाहीत.
"लपायला काय ठेवलंय बोडीत?"

काहीच नाही.
साफ दिसावी म्हणून बोडी मीच
दरसाल खरवडून काढत होतो.

घरावर टिना आल्यापासून
मागे कवेलूंचा ढीग पडून होता.
दोन दिवस टोपलीनं वाहिले, पालथे घातले पाण्यात.

मागच्याच खोलीत यादोराव, माझा मोठा भाऊ.
बुटीबोरीची कंपनी सुटल्यापासून दार लोटून असतो.
आई रोज कडी वाजवते,
"बाहेर नीघ, लोकं काय म्हणतीन."
त्या दिवशी मी तिचा हात धरला. राहू दे म्हटलं.
"काऊन?"
सांगता आलं नाही.
तिच्या मनगटावर माझ्या बोटांचा चुना उठला होता.

सतरा मेले तोवर.
बांधापल्याड खोल खड्ड्यात पुरले, मोजून.

अमावास्येच्या आसपास टॉर्च घेऊन गेलो.
काठाजवळच्या कवेलूला टेकून
एक रिकामं कवच, मिशांसकट, डागासकट,
नखाएवढ्या वजनाचं.
ज्याचं होतं तो आतच असेल.
मी कवेलू उचललं नाही.
टॉर्च विझवला,
आणि अंधारातच बांधावरून परतलो, चाचपत.