केंड

जेटीचा निधी आला त्या आठवड्यात
बस्त्यावने केंड काढला:
पोट तट्ट, काटे उभे,
कपाळावर चढवलेला गॉगल.
नाव नाही. जेटीसुद्धा नाही.
मी मुद्रितं तपासतो; तपासायला अक्षरच नव्हतं.

सोमवारी कचेरीत दोघे आले.
"हा कोण?"
"मासा," बस्त्याव म्हणाला.
"आणि गॉगल?"
"वेंगुर्ल्याचं ऊन, साहेब. पाण्याबाहेर सोसत नाही."

पुढच्या अंकात मासा नव्हताच.
ओल्या वाळूत नुसता गॉगल,
एका काचेतून तिरकी बघणारी कुर्ली.
आम्हाला कोणी विचारलं नाही,
छापखान्याची वीज मात्र तीन दिवस गेली.

आमचा अंक शनिवारी निघतो,
रविवारी त्यात बांगडे बांधतात.
शाई खवल्यांना लागते, धुतली की जाते.
मला वाटलं, हेही गेलं.

काल रापण ओढली.
तारल्यांत एक केंड निघाला,
वाळूवर पडताच फुगायला लागला.
शेवंती कुबलने टोपली उतरवली, पदर डोक्यावर घेतला:
"येवा अध्यक्षानू, हय बसा."
हसण्यात दोर सुटता सुटता राहिला.

बस्त्याव हसला नाही.
उकिडवा बसून बघत होता,
वारा गेल्यावर
केवढा उरतो.