कट्टा

दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली.
बाल्कनी नको म्हणाल्या नरसम्मा, जिना चढवत नाही,
म्हणून खाली, कुरकुरणाऱ्या पंख्याच्या रांगेत.
पाटी आली : पात्रं, प्रसंग, सगळं काल्पनिक.
त्यांना वाचता येत नाही.
मी वाचून दाखवली नाही.

घरकुलात कुणीतरी सांगितलं होतं त्यांना,
तुझ्या पोराचा पिच्चर आलाय गं.
म्हणून आज सूप भिंतीला लावून,
पानं ओल्या फडक्यात गुंडाळून,
हजार विड्यांची मजुरी बुडवून आल्या.

पडद्यावर सोलापूर चार मिनिटं.
चिमणी दाखवली, ती आपली नव्हे.
सहा फुटी पोरगा काखेत ड्राफ्टर घेऊन
धावत येतो, धावता धावताच मिशी फुटते त्याला.
आमचा अंबादास बुटका.
भुवयांत कायम सुताचा भुसा.
बाप कारखान्यातून बाद लेबलांचा गठ्ठा आणायचा,
त्यांच्या कोऱ्या पाठीवर हा गणितं सोडवायचा.
उलटून बघावं तर : शंभर टक्के सुती, कोमट पाण्यात धुवा.

पॉलिटेक्निकचा कट्टा बरा उभा केलाय त्यांनी,
फक्त फार स्वच्छ.

मग विटा, काचा, बहिणीची किंकाळी.
(अंबादासला बहीण नव्हती.)
पोराचा हात पहिल्यांदा उठतो, सावकाश, ढोल वाजतात,
आणि पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात.

खरं तर परीक्षेचा फॉर्म होता, सहाशे चाळीस रुपयांचा.
आणि अशोक चौकातला एक व्याजवाला,
त्याला वसुलीला पोरगा हवा होता,
हाणामारीला नव्हे, वही लिहायला.
अंबादासचं अक्षर चांगलं होतं.
एवढंच.
अक्षर चांगलं होतं म्हणून तो गेला.
पहिल्या महिन्यात वही धरली,
दुसऱ्या महिन्यात वहीतल्या माणसाची कॉलर.
पुढं कधीतरी कमरेला तो दुसरा कट्टा आला,
त्याला आवाज असतो.

पडद्यावर त्याचा मित्र पुलावर आडवा होतो.
डोळ्यांत पाणी. लांबलचक बोलतो,
आई, पुस्तकं, देव, सगळं काढतो.
तो मित्र म्हणजे मी.
मी कट्ट्यावर बसलो होतो, तोंडात अख्खा वडा,
म्हणालो, सहाशे चाळीस देतोय नव्हं?
मग जा की बे.

मध्यंतरात नरसम्मांनी पदरातून शेंगा काढल्या,
अर्ध्या मला दिल्या. विचारलं,
ती बाई एवढी रडत बसती, तिला कामधाम नाही व्हय?
मग जरा थांबून,
ह्यात आमचा अंबू कधी येतो?

येईल, म्हणालो.

घरात त्याचा फोटो एकच, हॉलतिकिटावरचा,
अर्ध्या तोंडावर कॉलेजचा शिक्का.
पेपरात आला तेव्हा तीन ओळी आल्या होत्या,
त्यातही आडनाव चुकलेलं.
त्याचा ड्राफ्टर माझ्याकडे आहे.
फॉर्मच्या आदल्या दिवशी शीट काढायला मागून आणला,
अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे,
पोरं मागतात, तेव्हा मीच सही घेऊन देतो.

शेवटाला सहा फुटी पोराला गोळ्या लागतात.
बराच वेळ पडत राहतो तो.
नरसम्मा चुकचुकल्या,
कुणाचं का असंना, लेकरू वाईट मेलं.

अंधारात मला त्यांची बोटं दिसत होती.
पिक्चरभर थांबली नाहीत ती,
नसलेलं पान, नसलेला जर्दा,
वळ, मुडप, ठेव,
पंचविसाव्याला दोऱ्याचा एक वेढा हवेत,
पुन्हा एकपासून.

दिवे लागले. नावं वर सरकू लागली.
रखवालदारानं दार उघडलं, ऊन आत आलं,
चला, चला, संपला पिच्चर.
मी उठलो.
त्या नाही उठल्या.
थांब की जरा, म्हणाल्या,
अजून आला नाही त्यो.