पीळ

एक्स्चेंजपासून एफीच्या घरापर्यंत
सहा किलोमीटर दोनशे मीटर तार.
लुईस बेटाच्या वाऱ्यात मी ती चालून मोजली आहे.
एकशे चौथ्या खांबाला मेंढ्या अंग घासतात,
तिथली लोकर दर खेपेला सोडवावी लागते.

आधी मोडेम होता.
संध्याकाळी सहानंतर दर उतरले की ती लावायची.
तो किंचाळायचा, घसा खरवडायचा, मग एकदम गप्प,
आणि हॅलिफॅक्सहून आलेला तिचा मुलगा
कपाळापासून खाली उतरू लागायचा.
हनुवटी येईतो चहा गार.
मध्येच कुणाचा फोन आला
तर तो नाकापाशीच तुटायचा.

२००४ साली पत्रक आलं: तीच तार, नवा वेग.
लोकांना वाटलं, कंपनी थापा मारतेय.
शाळेच्या व्हरांड्यात मी समजावलं,
बोलणं राहतं तळमजल्यावर,
वरचे मजले शंभर वर्षं रिकामेच होते,
जिना चढून कुणी पाहिलं नव्हतं.
म्हातारा टॉरक्विल म्हणाला,
"आणि आता त्यांचंही भाडं आम्हीच द्यायचं."

एफीची तार मात्र लांब पडली.
पत्ता टाकताच संगणकानं नाही म्हटलं.
एवढ्या अंतरात सिग्नल पातळ होतो,
पाणी घालत नेलेल्या ताकासारखा.
"माझा आवाज पोचतो ना?" ती म्हणाली, "मग?"

त्या वसंतात मी सांधे उघडत गेलो.
चौदा सांधे. तिघांत ओल.
एकात ॲल्युमिनियमचा तुकडा,
तांबं महागलं होतं तेव्हा घातलेला,
आणि त्याला बांधलेली चिठ्ठी,
माझ्या बापाच्या अक्षरात:
तात्पुरतं.

अर्धा मेगाबिट मिळाला.
पडद्यावर तिचा मुलगा हलला, थिजला, पुन्हा हलला.
तिनं गेलिकमध्ये विचारलं, जेवलास का.
तो थिजलेलाच होता.
तिनं पुन्हा विचारलं.

आता धक्क्यापाशी हिरवी पेटी आहे, तिच्यात काचेचे धागे.
तांबं उपसायचं काम माझ्याकडेच आलं.
एफी नाही. घर सुट्टीवाल्यांना देतात,
ते उंबऱ्यातूनच पासवर्ड विचारतात.

तिच्या भिंतीतली हातभर तार मी ठेवून घेतली.
दोन तारा, एकमेकींना वेढलेल्या,
बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागावा
आणि आपसात फिटावा म्हणून.
सरळ करून पाहिली. होईना.

बाकीची भंगारात, किलोवर.
भंगारवाला म्हणाला,
जाळलं की प्लास्टिक जातं,
वेढे तसेच राहतात.
तराजूकडे बघत होता तो.