लहान खुर्च्या

शुक्रवारी उपासना संपली की
सोहारच्या चर्चमागच्या खोलीत
आम्ही लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसतो.
लाल, पिवळ्या, प्लास्टिकच्या.
गुडघे हनुवटीला लागतात.
भिंतीवर कापसाच्या ढगांखाली कागदी तारू,
जिराफाची मान सेलोटेपने सांधलेली.

ओकेलो, मॉलचा पहारेकरी.
येसुपादम, गुंटूरचा गवंडी.
त्सेहाय, जिला मालकीण दोनच तास सोडते
आणि त्यातला अर्धा टॅक्सीत जातो.
मी शीलवंत भिंगारदिवे. बंदरावर क्रेन चालवतो,
जमिनीपासून चाळीस मीटर वर.

पहिल्यांदा आलो तेव्हा म्हणालो,
मला काही झालेलं नाही. झोप तेवढी येत नाही.
किती दिवस?
सात आठवडे.

वांजिरू आठवडाभर दवाखान्यात नर्स असते.
तिने चहा दिला, नियम सांगितले, दोनच:
वचन कुणाच्या अंगावर फेकायचं नाही.
आणि लोकांनी याहून वाईट दिवस काढलेत, असं म्हणायचं नाही.

दुसरा मी पाच मिनिटांत मोडला.
म्हणालो, त्याच क्रेनवर, त्याच पाळीत,
उन्हाने लाल होणाऱ्याला माझ्या तिप्पट पगार,
मी नुसता अजून काळा होतो. चालायचंच.
गावात आमची आळी वेशीबाहेर,
इथे कॅम्प शहराबाहेर.
आपल्याला सवय आहे.

ओकेलो म्हणाला, मलाही आहे.
मग बराच वेळ बुटाची नाडी
सोडत बसला, बांधत बसला.

गावी मामा पाळक आहेत. फोनवर म्हणाले होते,
विश्वास उणा पडतोय तुझा, उपास कर.
तीन दिवस केला.
झोप आली नाही, हात मात्र कापू लागले
आणि हवेत एक कंटेनर
माझ्या बोटांबरोबर थरथरत राहिला.
खाली माणसं होती.
हे मी सुवार्तालाही सांगितलं नव्हतं.
लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली आठ फोनवर.

म्हणालो, हल्ली वर गेलो की
उतरायला शिडी आहे हे आठवत नाही.

सगळे गप्प. वांजिरूने तिच्या मोडक्या हिंदीत
सरळ विचारलं, मरने का सोचता?

इतका ओबडधोबड प्रश्न.
देवानेही विचारला नव्हता.
हो म्हणालो.
छप्पर पडलं नाही. जिराफ होता तसाच.

मग तिने त्या संदेष्ट्याची गोष्ट काढली,
जो वाळवंटात झुडपाखाली आडवा झाला,
म्हणाला, आता पुरे, ने मला.
देवदूताने आधी काय केलं त्याचं?
लहानपणापासून पाठ होतं मला, तरी अडखळलो.
भाकर. भाकर आणि पाणी.
आणि मग?
पुन्हा झोपू दिलं.
उपदेश?
उपदेश नंतर. पुष्कळ नंतर.

त्सेहायने पिशवीतून रुमाल सोडला,
पहाटे चारला, घर उठायच्या आत भाजलेली
जाड, किंचित करपलेली भाकर.
तिला हिंदी येत नाही. गोष्ट तिला कळली नसावी.

रविवारी ओकेलो सुट्टी मोडून
डॉक्टरकडे माझ्यासोबत आला.
मुकादमाला कानाचं कारण सांगितलं,
खरं सांगितलं असतं तर परतीचं तिकीटच हातात.
महिनाभर जमिनीवर काम.
रात्री पांढरी गोळी आणि प्रार्थना,
आधी कुठलं, अजून ठरवलेलं नाही.
सुवार्ता म्हणाली, आवाज वेगळा येतोय तुमचा.
म्हटलं, झोपलो होतो.
मग बाकीचंही सांगितलं. रिचार्ज संपेपर्यंत.

गेले तीन शुक्रवार त्सेहाय आलेली नाही.
फोन बंद. वांजिरू पत्ता शोधत जाऊन आली,
दार उघडलं नाही कुणी.
रुमाल माझ्याकडेच राहिलाय.

कालपासून पुन्हा वर चढतो.
चढताना शिडीच्या पायऱ्या मोजतो, डॉक्टरांनी सांगितलंय.
वरून सगळं सोहार दिसतं,
पांढरी घरं, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या.
तिचं घर कुठलं, माहीत नाही.
म्हणून एकेका गच्चीसाठी म्हणतो.